उजव्या हाताची चिठ्ठी

आमच्या ह्यांनी एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केली आणि त्या तीस वर्षांत कुठल्या वाटेनं जायचं हे एकदाही स्वतः ठरवलं नाही. गाडी दारव्ह्याहून निघायची, यवतमाळला पोचायची, परत यायची. बोर्डावर लिहिलेलं असायचं तेवढं खरं. घरीही तोच कारभार. बाजारात शाळेवरून जायचं की स्टँडवरून, पाहुण्यांकडे आज जायचं की उद्या, सगळं मी सांगायचं आणि ह्यांनी "बरं" म्हणून चपला घालायच्या. मी पुष्कळदा चिडायचे. पण चिडून करता काय, माणूस वाईट नव्हता.

रिटायर झाल्यावर त्यांनी नर्मदेची परिक्रमा उचलली. तीही त्यांची नव्हती, सासूबाईंची होती. हे चार वर्षांचे असताना घशाच्या आजारानं पार हातचे गेले होते. तेव्हा सासूबाई बोलल्या होत्या, "मैया, पोरगं वाचव, तुह्या भवताली पायी फिरीन." पोरगं वाचलं. पण पुढं शेत, जनावरं, सासू-सासरे, बाळंतपणं. नवस तसाच राहिला आणि सासूबाई ऐंशीच्या झाल्या. एक दिवस त्यांनी पोराला समोर बसवलं न् म्हणाल्या, "आता माह्यानं होत नाही. तू फिरून ये." हे म्हणाले, "बरं."

दिवाळीनंतर निघाले. आधी कळंबला जाऊन चिंतामणीचं दर्शन घेतलं, मग स्टँडवर गल्लीतल्या लोकांनी हार घातले. सासूबाई काठी टेकत स्टँडपर्यंत आल्या होत्या. ओंकारेश्वरला संकल्प सोडला आणि चालायला लागले. परिक्रमेचे नियम कडक. नदी ओलांडायची नाही, ती कायम उजव्या हाताला ठेवायची, आणि काहीही झालं तरी मध्येच घरी परतायचं नाही. परतलं की परिक्रमा खंडित. रोज दिवेलागणीला त्यांचा फोन यायचा. आज इतकं चाललो, आज खिचडी भेटली, आज पायाला फोड आला. मग "मायले दे." मायलेक पाच मिनिटं बोलायचे आणि मला ताटं वाढायला उशीर व्हायचा.

दहाव्या दिवशी सासूबाई ओट्यावर वाती वळत बसल्या होत्या. आमच्या शेतातला कापूस, मांडीवर घोळवून वात करायची, असं त्यांचं रोजचं काम. मी आतून पाहिलं तर हात थांबलेला. वात अर्धी झालेली आणि तोंड एका बाजूला ओढलेलं. दिराला बोलावलं, यवतमाळला नेलं. सहा दिवस ठेवून घरी पाठवलं. उजवी बाजू गेली होती. जीभ जड झाली होती, पण बोललेलं कळत होतं. आणि घरी येऊन गादीवर टेकल्या टेकल्या बाई पहिलं काय बोलल्या असतील?

"त्याले सांगू नोको."

मी म्हटलं, "माय, असं कसं? त्यायले कळाले नको का?"

"कळलं त येते तो वापस. मंग माहा नवस मोडते. माह्या गळ्याची आन हाय तुले." डाव्या हातानं त्यांनी माझा हात ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. दीर दारात उभे होते. ते म्हणाले, "वहिनी, माय म्हनते त राहू द्या." न् मोटरसायकल काढून आपल्या गावी गेले. आन मात्र माझ्या एकटीच्या गळ्यात.

यवतमाळच्या त्या सहा दिवसांत, काय होतंय ते कळेपर्यंत म्हणून, मी ह्यांना सांगितलं होतं की माय दिराकडे गेली आहे. आता माय घरी आली, तर फोनवर का येत नाही? मग मी सुरू केलं. माय देवळात गेली. माय हरिपाठाला गेली. शेजारी सत्यनारायण होता, तिकडे गेली. डोकं दुखत होतं, झोपली. बापा रे, इतक्या देवळांत सासूबाई जन्मात गेल्या नसतील. हे भोळे. म्हणायचे, "चांगलं हाय, फिरते राह्यते बिचारी." आणि इकडे ती बिचारी माझ्यापासून चार हातांवर पडून माझ्या तोंडाकडे बघत असायची, मी नीट खोटं बोलते की नाही ते.

घराबाहेर पडणं बंद झालं. बाजाराचा दिवस दारावरून निघून जायचा, मी फाटकापर्यंत जाऊन भाजीवालीला हाक मारून परत. कूस बदलायची, पुसायचं, भरवायचं, कपडे. तांड्यावरची एक बाई रोज सकाळी तेल चोळायला यायची. तिच्या बोलीत आईला याडी म्हणतात, ती सासूबाईंना याडीच म्हणायची. ती आली की मला तासभर कोणी बोलायला मिळायचं. बाकी दिवसभर मी आणि त्या. पण खरं सांगू? हगणं-मुतणं काढायचा मला त्रास नव्हता. मला धडकी भरायची ती दुपार कलली की. चार वाजले की सुरू, आज काय सांगू? ह्यांचा राग यायचा, सासूबाईंचा राग यायचा, आणि कोणावरच काढता यायचा नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

अशात एक दिवस फोन आला तो वेगळाच. ह्यांचा आवाज घाबराघुबरा.

"अवं, इथं वाट फुटते."

दक्षिणेच्या काठानं चालत गेलं की सातपुड्याच्या तोंडाशी दोन वाटा होतात म्हणे. एक डोंगरातून. तिला परिक्रमावाले झाडी म्हणतात. नदीच्या अंगाअंगानं जाते, चढण-उतरण, लांब लांब पाडे, मोबाईलला रेंज नाही. आत शिरलं की आठ-नऊ दिवसांनीच बाहेर. दुसरी खालून, सडकेनं. नदी लांब राहते, पण गावं लागतात, दुकानं लागतात, बसगाड्या लागतात. पुढं दोन्ही वाटा एक होऊन समुद्राकडे जातात. ह्यांच्या सोबत चार जण होते. दोघं म्हणत होते झाडी, दोघं सडक. आणि आमचे कंडक्टरसाहेब मधोमध उभे.

"तुमाले काय वाटते?" मी विचारलं.

"मले कायले विचारते? नवस मायचा हाय. मायच ठरवंन. असं कर, देवापुढं चिठ्ठ्या टाक आन मायच्या हातानं उचलव. उजव्या हातानं. सकाळी नऊले मी फोन करतो."

आमच्याकडे घरातलं मोठं काही अडलं की असंच करतात. दोन चिठ्ठ्या, हळदी-कुंकू, देवाचं नाव, आणि उजव्या हातानं उचललेली चिठ्ठी तो देवाचा शब्द. लग्नं ठरलीत त्यावर, विहिरी खणल्यात. आता ह्यांना कोण सांगणार की तुमच्या आईच्या उजव्या हातावरून माशी उडत नाही.

सकाळी मी वहीचं पान फाडून दोन चिठ्ठ्या केल्या. एकीवर डोंगर, एकीवर सडक. देवापुढं ठेवल्या, निरांजन ओवाळलं, मग ताटली घेऊन सासूबाईंजवळ गेले. त्यांना उठवून बसवलं. एकटीनं बसता येत नव्हतं, म्हणून मी त्यांच्या पाठीमागं बसले, त्यांना छातीशी टेकवून. थंडी होती, दोघींच्या अंगावरून शाल घेतली. ताटली त्यांच्या मांडीवर.

त्यांनी डावा हात पुढं करून चिठ्ठी उचलली. मी उघडली. सडक.

माझ्या जिवात जीव आला. सडक म्हणजे रेंज. सडक म्हणजे उद्या काही झालं तर हे बसमध्ये बसून दुसऱ्या दिवशी दारात. आन असली तरी माणूस आवाक्यात राहील. मी म्हटलं, "झालं माय. सडक."

"डावा," त्या म्हणाल्या. "डाव्या हातची खोटी. पुन्ना टाक."

"माय, देवाले समजते का डावा-उजवा? हात उठत नाही त देव काय करंन?"

"देवाच्या कामाले उठंन. टाक."

ऐंशी वर्षांची बाई, अर्धं अंग गेलेलं, आणि हट्ट एखाद्या पाटलिणीचा. मी पुन्हा घडी घातली. पण एकदा उघडलेली चिठ्ठी पहिल्यासारखी घट्ट बसत नाही. सडकेची चिठ्ठी जराशी फुगून बसली होती. मला दोन्ही वेगळ्या दिसत होत्या. त्यांना दिसत नव्हत्या, त्यांचे डोळे मोतीबिंदूचे.

त्या आपल्या हाताकडे बघत बसल्या. "ऊठ," म्हणाल्या. हात कसला उठतो. एक मिनिट, दोन मिनिटं. नऊ वाजायला आले होते. माझ्या पाठीला रग लागली होती. मी शालीच्या आतून माझा हात नेला आणि त्यांच्या मनगटाखाली धरला. त्या हाताला स्पर्श कळतच नव्हता. आणि मी उचलला.

आता लिहायला बसलेच आहे तर लपवाछपवी कशाला. तो हात कुठं ठेवायचा हे पूर्ण माझ्या हातात होतं. फुगलेली चिठ्ठी डावीकडे होती. मी तिकडेच नेत होते. आणि तेवढ्यात मनात आलं, सडक म्हणजे आज संध्याकाळी फोन. उद्या फोन. परवा फोन. माय देवळात गेली, माय झोपली. डोंगर म्हणजे आठ दिवस फोन नाही. आठ दिवस मला खोटं बोलायला लागणार नाही. बाकी काहीही माझ्या मनात आलं नाही. ना नवस, ना मैया, ना त्यांचं आजारपण. मला आठ दिवसांची सुट्टी पाहिजे होती. मी हात उजवीकडे नेला न् घट्ट घडीच्या चिठ्ठीवर सोडला.

सासूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "माहा हात उठला," त्या म्हणाल्या. "पाह्यलं का, माहा हात उठला." आणि दारातून आवाज आला, "म्या पायलं, याडी! म्या पायलं!" तेलाची वाटी घेऊन तांड्यावरची बाई उंबऱ्यात उभी. तिला शालीतून वर आलेला हात तेवढा दिसला होता. तिनं वाटी खाली ठेवून जमिनीला डोकं टेकलं. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. दोघी रडत होत्या, आणि तेवढ्यात फोन वाजला.

"डोंगर," मी ह्यांना सांगितलं.

"मायनं उचलली?"

"हाव."

"उजव्या हातानं?"

"हाव."

"बरं," म्हणाले. "नर्मदे हर."

पहिल्या दिवशी चार वाजले आणि आज काय सांगू हे मनात आलं नाही. मी चहा केला आणि बसून, गरम असताना प्याले. सासूबाईंना भरवताना गाणं गुणगुणत होते, त्यांनीच सांगितलं, "आज लई खुश दिसून राह्यली." दोन दिवस, तीन दिवस असे छान गेले. चौथ्या दिवशी त्यांना ताप भरला. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले छातीत कफ आहे, वय पाहता जवळच्यांना बोलावून घ्या. दीर आले. दिरांनी म्हटलं, "भाऊले सांगाचं काय?" मी म्हटलं, "आन हाय." आणि खरं म्हणजे सांगता येत नव्हतंच.

पाचव्या दिवशी सकाळी, दीर आपल्या बायकोपोरांना आणायला गावी गेले होते तेव्हा, सासूबाईंनी डोळे उघडले न् दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"बोलाव त्याले," म्हणाल्या.

मला वाटलं, भ्रमात आहेत. "कोनाले, माय?"

"माह्या पोराले. आता बोलाव. नवस राहू दे."

मी फोन लावला. मोबाईलमधली बाई बोलली, आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती. पुन्हा लावला. तेच. ओट्यावर जाऊन लावला, गच्चीवर जाऊन लावला, जसं काही माझ्याच घरात रेंज नव्हती. स्वयंपाक केला नाही. खाली आले की त्या विचारायच्या, "लागला?" मी म्हणायचे, "लागते आता." दुपारी त्यांनी विचारणं बंद केलं, नुसतं दाराकडे बघत राहिल्या. मी लावतच राहिले. त्या दिवशी मला कळलं की खोटं बोलण्यापेक्षा वाईट काही असतं. रोजचा फोन नको नको म्हणत होते ना, घे आता.

सहाव्या दिवशी दहाच्या सुमारास त्या गेल्या. दिरांनी अग्नी दिला. पोराची वाट पाहायची म्हणून प्रेत किती ठेवणार, आणि कुठल्या डोंगरात निरोप धाडणार?

आणि प्रेत उचलायच्या आधी अंगणात बायका जमल्या तिथं तांड्यावरच्या बाईनं सांगायला सुरुवात केली. खोटं नाही सांगितलं तिनं. जे दिसलं ते सांगितलं. लुळा पडलेला हात उठला, डोंगराच्या चिठ्ठीवर पडला, म्या माह्या डोळ्यानं पायलं. प्रेतावरच्या चादरीखालून बाहेर काढून बायका तो उजवा हात आपल्या डोळ्यांना लावत होत्या. दिवस मावळेपर्यंत गल्लीत, दुसऱ्या दिवशी बाजारात. माय मोठी पुण्यवान. पोराचा नवस मोडू नये म्हणून तिनंच त्याला डोंगरात धाडलं, आणि मग देह ठेवला. खरं सांगायला मी दोनदा तोंड उघडलं. एकदा कोणी चहा मागितला, एकदा कोणी मला मिठी मारून रडायला लागलं. नंतर मी उघडलं नाही.

नवव्या दिवशी हे झाडीतून बाहेर आले. मला फोन करायच्या आधी त्यांनी भावाला केला, आणि भावानं सगळं सांगून टाकलं. अंग गेलेलं, हात उठलेला, माय गेलेली. मग माझा फोन वाजला.

"मायनं मले वाचवलं व," ते म्हणाले. "सडकेनं असतो त आलो असतो. परिक्रमा मोडली असती. तिनं समजून उमजून धाडलं मले." मग रडले. मी म्हटलं, "या तुमी आता." म्हणाले, "आता येऊन कोनाले पाहू?" तिथंच नदीवर डोकं भादरलं, सुतकाचे दिवस काढले न् पुढं निघाले. समुद्र नावेनं ओलांडला, पलीकडच्या काठानं वर गेले, चैत्रात घरी आले. दाढी छातीपर्यंत. वजन निम्मं.

मावंदं घातलं. तीर्थ करून आल्यावर गावजेवण घालतात ते. रोडगे, वरण, वांग्याची भाजी. प्रत्येक पंगतीत हे सांगत होते, मायचा हात कसा उठला. आणि शेवटी, "हिले विचारा, ही तिच्यामागंच बसून होती." लोक माझ्याकडे बघायचे. मी वरण वाढत म्हणायचे, "हाव, उठला."

पाहुणे गेले, पत्रावळी गोळा झाल्या. आम्ही दोघंच ओट्यावर बसलो होतो. ह्यांनी खिशातून मोबाईल काढला, चष्मा लावला, आणि बसमध्ये तिकीट तपासावं तसं बोट ठेवून वाचलं.

"मी झाडीतून बाहीर आलो तवा मेसेज आलते. एकेचाळीस मिस्कॉल. तुह्या नंबरचे."

मी पदरानं ओटा पुसायला लागले.

"माय गेली त्या दिवशीचे नाहीत. आदल्या दिवशीचे हायत. चार महिने मी ह्याच इचारात चाललो. माय त तवा होती. मंग एकेचाळीस फोन काहून केले? तिनं बोलावलं होतं का मले?"

माणूस भोळा म्हणून मी आयुष्यभर धरून चालले. त्यांनी प्रश्न विचारला आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मोबाईलकडेच बघत राहिले. हाव म्हटलं असतं तर आई दाराकडे बघत मेली हे त्यांना कळलं असतं. मग चिठ्ठी. मग हात. आणि चार महिने ज्या एका गोष्टीच्या बळावर ते चालले होते, ती मी त्यांच्या पायाखालून ओढून घेतली असती. आणि माझं काय झालं असतं, तेही मनात आलंच. नाही म्हणू कशी, तेही आलं.

"नाही," मी म्हटलं. "माय शांत होती. मलेच तुमच्याशी बोलावंसं वाटलं."

"एकेचाळीस डाव?"

"हाव. लई आठवण आलती."

लग्नाला एकतीस वर्षं झाली, असं काही मी त्यांना कधी बोलले नव्हते. आमच्या घरात कोणीच कोणाला बोलत नाही. हे माझ्याकडे बघतच राहिले. चष्मा काढला. डोळे भरून आले होते. "अवं," म्हणाले, "मंग आधी सांगाचं ना. मले वाटलं तुले माहा कटाळा हाय." आणि त्यांनी माझा हात हातात घेतला, भर ओट्यावर, गल्लीतून लोक जात असताना.

त्याला आता वर्ष होत आलं. तेव्हापासून ते मला सोडून कुठं जात नाहीत. सोबतच्यांनी पुन्हा परिक्रमेला बोलावलं, तर म्हणाले, नाही, हिले करमत नाही. बाजारात बरोबर येतात, पिशवी स्वतः धरतात. मी भाजी निवडायला बसले की समोर येऊन बसतात आणि बघतात. मायेनं बघतात. मी म्हणते, "तुमी जरा बाहीर जाऊन या." ते म्हणतात, "तू हाय ना इथं, मंग मी कायले जाऊ?" मी चहा ठेवायला उठते, तर तेही मागोमाग उठतात.